पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल : जुन्या गाडीवाल्यांचा हिशेब कोण मांडणार?

मिरजेत आमच्या मोहल्ल्याच्या तोंडाशी एक गॅरेज आहे. गेल्या महिन्यात आमची गाडी तिथे उभी होती. २०११ सालचे मॉडेल, आम्ही सेकंडहँड घेतलेले. पेट्रोलचा वास येतोय अशी घरातून तक्रार होती. मिस्त्रीने बोनेट उघडून एक रबरी नळी दोन बोटांत धरून दाबली. नळी मऊ पडली होती, बोटाला काळा डाग लागला. "सर, ये पाइप का कसूर नहीं. पेट्रोलच बदल गया," मिस्त्री म्हणाला. शेजारी बाईक दुरुस्त करून घ्यायला आलेले एक चाचा लगेच म्हणाले, "मेरी गाडी का अ‍ॅव्हरेज भी गया." मग गॅरेजवर तासभर हीच चर्चा. कोणी मोबाइलवर इंजिनातून पाणी निघतानाचा व्हिडिओ दाखवला, कोणी म्हणाले हे सगळे विरोधकांचे कारस्थान, एकाने तर पेट्रोलमध्ये थेट उसाचा रस घालतात असे छातीठोक सांगितले.

खरे सांगायचे तर ती नळी चौदा वर्षांची होती. ती इथेनॉलनेच गेली असे आम्ही शपथेवर सांगू शकत नाही. पण घरी आल्यावर वाटले, या विषयावर आपल्या लोकांसाठी नीट बसून लिहायला हवे. कारण आपल्या बहुतेक घरांसमोर जी गाडी उभी असते, ती शोरूममधून आलेली नसते. ती कोणाची तरी पाच-सात वर्षे वापरून झालेली गाडी असते, आणि आपण ती पुढे आणखी दहा वर्षे चालवतो.

आधी हे पेट्रोल आले कुठून ते पाहू. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा प्रयोग देशात झाला तो २००१ मध्ये, आणि ज्या तीन ठिकाणी झाला त्यातले एक आमचे मिरज. दुसरे मनमाड, तिसरे उत्तर प्रदेशातले बरेली. ऊस आणि साखर कारखाने जवळ, म्हणून ही निवड. तेव्हा प्रमाण होते ५ टक्के. जानेवारी २००३ पासून नऊ राज्ये आणि चार केंद्रशासित प्रदेशांत ते रीतसर सुरू झाले. पुढची दहा वर्षे योजना रखडत चालली. २०१३-१४ साली देशभरातले मिश्रण सरासरी दीड टक्क्याच्या आसपासच होते. त्यानंतर मात्र वेग आला. जून २०२२ मध्ये १० टक्के गाठले. २०१८ च्या जैवइंधन धोरणात २० टक्क्यांसाठी २०३० सालाची मुदत होती, ती अलीकडे ओढून २०२५-२६ केली गेली. फेब्रुवारी २०२३ मध्ये बेंगळुरूत पंतप्रधानांच्या हस्ते ई-२० पेट्रोलची सुरुवात झाली आणि २०२५ मध्ये ते देशातल्या जवळपास प्रत्येक पंपावर पोचले. म्हणजे दीड टक्क्यावरून दहावर यायला आठ वर्षे लागली आणि दहावरून वीसवर जायला जेमतेम तीन.

गाड्यांचे काय? १ एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांचे नळी, गॅस्केट, टाकी वगैरे भाग ई-२० ला टिकतील असे असावेत, असे ठरले. इंजिनाची जुळणीही ई-२० नुसार असलेल्या गाड्या २०२५ पासून यायच्या होत्या. म्हणजे रस्त्यावर आज धावणाऱ्या गाड्यांपैकी बहुतांश गाड्या या तारखांच्या आधीच्या आहेत. सगळा प्रश्न इथेच आहे.

शाळेत दहावीच्या वर्गात कार्बनी संयुगांचा धडा चालू असताना एका मुलाने हात वर केला, "सर, हे तेच ना, दारूतलं?" वर्ग हसला. आम्ही सांगितले, रसायन तेच, पण पंपावर येते ते पाणी पूर्ण काढलेले, आणि कोणाला पिता येऊ नये म्हणून त्यात दुसरी द्रव्ये घातलेले. मग फळ्यावर गणित मांडले. एक लिटर पेट्रोल जाळल्यावर जेवढी ऊर्जा मिळते, तिच्या दोन तृतीयांशच एक लिटर इथेनॉलमधून मिळते. आता शंभर भागांत वीस भाग इथेनॉल घातले तर एकूण ऊर्जा किती घटली? मुलांनी पाच मिनिटांत उत्तर काढले: शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत साधारण साडेसहा-सात टक्के. आणि दहा टक्क्यांवरून वीसवर गेल्यावर साडेतीन टक्के. यात कोणाचे मत नाही, राजकारण नाही. दहावीचे गणित आहे.

सरकारचे आकडेही याच्या जवळपासच आहेत, हे पुष्कळांना माहीत नाही. नीती आयोगाने जून २०२१ मध्ये इथेनॉलविषयीचा आराखडा प्रसिद्ध केला. त्यात स्पष्ट लिहिले आहे की मुळात इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी आखलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकीचे अ‍ॅव्हरेज ई-२० वर ६ ते ७ टक्के घटेल, तशाच दुचाकीचे ३ ते ४ टक्के, आणि ई-१० साठी आखून ई-२० साठी जुळवलेल्या चारचाकीचे १ ते २ टक्के. ऑगस्ट २०२५ मध्ये गदारोळ उठल्यावर पेट्रोलियम मंत्रालयाने खुलासा केला, त्यात शेवटच्या प्रकारासाठी १ ते २ टक्के आणि बाकीच्या गाड्यांसाठी ३ ते ६ टक्के असे आकडे दिले. त्याच खुलाशात असेही म्हटले होते की काही जुन्या गाड्यांमध्ये २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात. ते स्वस्त असतात, नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये होऊन जाईल.

'स्वस्त' या शब्दावर आम्ही थोडे थांबलो.

एक घर धरू. दहा-बारा वर्षांची छोटी कार, लिटरला १५ किलोमीटर देणारी, महिन्याला हजार किलोमीटर चालणारी. पेट्रोल १०४ रुपये धरले. पाच टक्के अ‍ॅव्हरेज घटले की महिन्याला साडेतीन लिटर जास्त लागते, म्हणजे सुमारे ३६५ रुपये, वर्षाला चार हजारांच्या वर. बाईकचे वेगळे: लिटरला ५० देणारी बाईक तेवढीच चालली आणि तीन टक्के घटले तर महिन्याला साठ-पासष्ट रुपये. बाईकवाल्याला ते कदाचित जाणवणारही नाही. भाड्याने गाडी चालवणाऱ्याचे मात्र महिन्याला तीन-चार हजार किलोमीटर होतात. त्याने आपला आकडा आपणच काढावा.

आमचे स्वतःचे सांगतो. आम्ही टाकी फुल करून वहीत नोंद ठेवतो, मास्तरकीची खोड. पूर्वी सोळाच्या आसपास मिळायचे, आता पंधरा. पण मधल्या काळात टायर जुने झाले, मुलांच्या हट्टापायी एसी जास्त चालू लागला. तेव्हा पूर्ण घट पेट्रोलच्या माथी मारणे आम्हाला पटत नाही. "अ‍ॅव्हरेज निम्मे झाले" म्हणणाऱ्यांनी तर आधी प्लग, एअर फिल्टर आणि ब्रेक तपासावेत. इथेनॉलने निम्मे होत नाही, होऊ शकत नाही.

मग जुन्या गाडीत नेमके होते काय? इथे जुनी आणि जुनी यात फरक करावा लागेल.

ज्या कारमध्ये इंजेक्शनची व्यवस्था आणि सायलेन्सरच्या वाटेवर ऑक्सिजन सेन्सर आहे, ती गाडी स्वतःला बऱ्यापैकी सावरते. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेत जास्त इंधन लागते. सेन्सर ते ओळखतो आणि संगणक जास्त पेट्रोल सोडतो. गाडी चालते नीट, फक्त पिते जास्त. कार्बोरेटरवाल्या गाडीला हे कळत नाही. तिच्या जेटचे भोक ठरलेले. इंधनात ऑक्सिजन वाढला की मिश्रण पातळ होते, इंजिन जास्त तापते, सकाळी किक मारून पाय दुखतो, गिअर टाकताना गाडी अडखळते. दुचाकींमध्ये बीएस-६ येईपर्यंत, म्हणजे एप्रिल २०२० पर्यंत, कार्बोरेटरच सर्रास होता. आपल्या गल्लीत मोजा, अशा किती बाईक निघतात ते. चांगला मिस्त्री जेट आणि स्क्रू थोडा बदलून हे बरेच सुधारू शकतो. पण त्याला मुळात हे माहीत असायला हवे.

दुसरी गोष्ट पाण्याची. इथेनॉल हवेतली ओल शोषते. गाडी रोज चालली तर टाकीतले पेट्रोल आठवड्यात संपते, काही बिघडत नाही. पण कोकणात, कोल्हापुरात पावसाळ्याचे दोन महिने गाडी झाकून ठेवली, टाकी पाव भरलेली, तर आत बाष्प जमते. पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाशी बसते, आणि पंप नेमका तळातलेच ओढतो. परदेशी नोकरीला असलेल्यांच्या गाड्या इथे वर्षातून अकरा महिने उभ्या असतात, त्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. व्हिडिओत दिसणारे 'पेट्रोलमधले पाणी' कधी असे असते. कधी पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतच पावसाचे पाणी गेलेले असते. दोन्हींची जबाबदारी वेगळी.

तिसरी, जुन्या टाकीत वर्षानुवर्षे बसलेला चिकट थर इथेनॉलने सुटतो आणि फिल्टरमध्ये अडकतो. गाडी चढावर दम टाकते. मालकाला वाटते इंजिन गेले.

इथेच गॅरेजचा मसला येतो. गॅरेज, टायर, बॅटरी, जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री या धंद्यांत आपली माणसे पिढ्यानपिढ्या आहेत. गाडीने त्रास दिला की गिऱ्हाईक मिस्त्रीवर चिडते: परवाच तर सर्व्हिसिंग केले होते! मिस्त्री पेट्रोलकडे बोट दाखवतो, पंपावरचा मुलगा म्हणतो वरून येते तेच देतो. मोठ्या कंपन्यांच्या वर्कशॉपमधल्या लोकांना प्रशिक्षण मिळते, मोहल्ल्यातल्या मिस्त्रीला कोणी बोलावत नाही. तो व्हॉट्सअ‍ॅपवरून शिकतो.

ऑगस्टमध्ये टीव्हीवर वॉरंटी आणि विम्याची फार चर्चा झाली. ई-२० वापरल्याने विमा रद्द होत नाही असे सरकारने सांगितले, वाहन उद्योगानेही वॉरंटी पाळण्याची ग्वाही दिली. चांगले झाले. पण बारा वर्षांच्या गाडीला कसली वॉरंटी? जिची मुदत कधीच संपली, तिच्या मालकाला या ग्वाहीचा उपयोग शून्य. नळी गेली तर त्याच्याच खिशातून, इंधनपंप गेला तरी त्याच्याच खिशातून. शिवाय जुनी गाडी ठेवणेच महाग होत चालले आहे. पंधरा वर्षांनी पुन्हा पासिंग, ग्रीन टॅक्स. आणि याच ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांच्या फेरनोंदणीचे शुल्क दुप्पट झाले, कारला १० हजार, बाईकला २ हजार. एकेक गोष्ट लहान वाटते. एकत्र केली की जुनी गाडी वापरणारा माणूसच गुन्हेगार असावा असा भास होतो. त्याने नवी घेतली नाही, ती पैसे नाहीत म्हणून.

आम्ही इथेनॉलच्या विरोधात नाही. मिरज-सांगलीत राहून उसाला विरोध करणे शक्यही नाही. कारखान्यांना मळीचे पैसे मिळतात, त्यातून उसाची बिले वेळेवर निघायला मदत होते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. २०१४-१५ पासून जुलै २०२५ पर्यंत या योजनेमुळे १ लाख ४४ हजार कोटी रुपयांचे परकीय चलन वाचले असे सरकार सांगते. कच्च्या तेलासाठी परदेशाकडे बघणाऱ्या देशाला ही छोटी रक्कम नाही. दुसरी बाजूही आहे: उसापासून एक लिटर इथेनॉल मिळवायला २,८६० लिटर पाणी लागते, हा आकडाही नीती आयोगाच्याच आराखड्यातला. मराठवाड्यातल्या वाचकांना त्याचा अर्थ समजावून सांगायला नको. आणि आता मक्यापासूनही इथेनॉल निघते, त्यामुळे मका महागला तेव्हा कोंबडीखाद्यवाले ओरडले. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आमचे म्हणणे इतकेच, की देशाचा फायदा होत असेल तर त्याची किंमत कोण भरतो हेही मांडा. आणि हे आम्ही नवीन मागत नाही. त्याच २०२१ च्या आराखड्यात सुचवले होते की अ‍ॅव्हरेज घटल्याने ग्राहकाचे जे नुकसान होईल त्याची भरपाई म्हणून ई-१० आणि ई-२० वर करसवलतीचा विचार व्हावा. सवलत मिळाली का? पंपावर ई-२० स्वस्त झाले का? नाही. मंत्रालयाचे उत्तर असे, की आराखडा लिहिला तेव्हा इथेनॉल पेट्रोलपेक्षा स्वस्त होते, आता तसे राहिले नाही. जुलै २०२५ अखेर खरेदीचा सरासरी दर वाहतूक आणि जीएसटीसह लिटरला ७१ रुपये ३२ पैसे होता, जो शुद्ध केलेल्या पेट्रोलपेक्षा जास्त पडत होता. उत्तर खरे आहे. पण त्यातून निघणारा अर्थ असा की शेतकऱ्याला भाव मिळाला, कारखान्याला ठरलेला दर मिळाला, परकीय चलन वाचले, आणि कमी अ‍ॅव्हरेजचा बोजा गाडीवाल्याने गुपचूप उचलला. करात सवलत द्यायला इथेनॉल स्वस्तच असावे लागते, असे कुठे आहे?

निवडीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयातही गेला होता. याचिकाकर्त्याचे म्हणणे होते, ई-२० बंद करू नका, फक्त इथेनॉलविरहित पेट्रोलचाही पर्याय ठेवा आणि पंपावर प्रमाण ठळक लिहा. १ सप्टेंबर २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्यायमूर्ती विनोद चंद्रन यांच्या पीठाने याचिका फेटाळली. त्या महिन्यात केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी ई-२० विरोधातली समाजमाध्यमांवरची मोहीम पैसे देऊन चालवलेली असल्याचा आरोप केला. असेलही एखादी. पण मिरजेच्या गॅरेजवरच्या चाचांना कोणी पैसे दिलेले नाहीत.

दुसऱ्या देशांत काय केले? ब्रिटनने सप्टेंबर २०२१ मध्ये ई-५ वरून ई-१० वर जाताना जुन्या गाड्यांसाठी ई-५ सुपर दर्जाच्या पेट्रोलमध्ये चालू ठेवले, आणि आपली गाडी ई-१० ला चालते का हे तपासायला सरकारी संकेतस्थळावर सोय दिली. अमेरिकेत ई-१५ विकताना पंपावर नारिंगी लेबल लावावे लागते: २००१ आणि त्यानंतरच्या गाड्यांनाच चालेल, मोटारसायकलला नाही. आपल्याकडे नेहमी ब्राझीलचे उदाहरण देतात, तिथे तर ऑगस्ट २०२५ पासून ३० टक्के झाले. पण तिथल्या गाड्या कित्येक वर्षांपासून त्याच इंधनासाठी बनतात, २००३ पासून कोणतेही मिश्रण चालणाऱ्या 'फ्लेक्स' गाड्या आहेत, आणि पंपावर निखळ इथेनॉल व मिश्र पेट्रोल वेगवेगळ्या दराने मिळते. तिथला माणूस दर बघून ठरवतो. इथल्या बहुतेक पंपांवर ठरवण्यासारखे काहीच नाही.

सरकारने असेही सांगितले आहे की सध्याच्या आराखड्याप्रमाणे ई-२० चे बंधन ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, पुढचा निर्णय नंतर. म्हणजे प्रमाण आणखी वाढवायची चर्चा आता सुरू होणार. ग्राहक पंचायती, रिक्षा-टॅक्सी संघटना आणि मेकॅनिकांच्या संघटनांनी आपले म्हणणे लेखी द्यायचे ते याच काळात. पंपावर ठळक लेबल, जुन्या गाड्यांसाठी निदान प्रत्येक शहरात काही पंपांवर ई-१०, आणि छोट्या मिस्त्रींना प्रशिक्षण. यातली एकही मागणी देशविरोधी नाही.

तोवर घरच्या घरी करायच्या गोष्टी आहेत. टाकीच्या झाकणाच्या आत किंवा गाडीच्या पुस्तकात ई-१० की ई-२० ते बघा. दहा वर्षांवरची गाडी असेल तर पेट्रोलच्या रबरी नळ्या एकदा बदलून घ्या आणि दुकानदाराला इथेनॉलला चालणारीच नळी मागा, साधी स्वस्त नळी पुन्हा वर्षात मऊ पडेल. पेट्रोलचा वास आला तर दुर्लक्ष करू नका, यात आगीचा धोका असतो. आमच्या घरच्यांनी टोकले म्हणून आम्ही वाचलो. फिल्टर लवकर बदला. मिस्त्रीने एकदम इंजिन खोलायचे सांगितले तर आधी फिल्टर, नळी, प्लग एवढे बघायला सांगा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर एक तर टाकी पूर्ण भरून ठेवा किंवा आठवड्यातून एकदा कोणाला तरी फिरवायला सांगा. इथेनॉल 'मारणारे' औषध म्हणून बाटल्या विकल्या जातात, त्यावर पैसे घालवू नका. पंपावर शंका आली तर फिल्टर पेपर मागण्याचा आणि पेट्रोलची घनता तपासून घेण्याचा तुम्हाला हक्क आहे. पावती घ्या. पावती नसेल तर उद्या तक्रार करताना हातात काही राहत नाही.

आमची नळी मिस्त्रीने बदलली. नळी, क्लिप, फिल्टर आणि मजुरी धरून साडेआठशे रुपये झाले. वहीत अ‍ॅव्हरेजच्या रकान्याशेजारी आम्ही आता आणखी एक रकाना आखला आहे, दुरुस्तीचा.